होसीला ताप नव्हता

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता जरा सावरून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच ऐकावं, हरकत नाही, फक्त डोळे उघडे ठेवावेत! आज लावतोय ते आख्यान पुराणातलं नाही.

आधी एक प्रश्न टाकतो. एका माणसाने दुसऱ्याला मारलं. पाप कोणाला? मारणाऱ्याला. हे पाळण्यातलं पोरही सांगेल. बरं, मारताना एक जण उभा राहून बघत होता. त्याला? — थोडं त्यालाही, असं म्हणताय. माना हलल्या, मी पाहिल्या. आता तिसरा माणूस घ्या. त्याने हात उचलला नाही. ‘मारा’ असंही म्हटलं नाही. त्याने फक्त लिहिलं. झालं एक आणि लिहिलं भलतंच. सुंदर वळणदार अक्षर, खाली सही. त्या माणसाचं काय? त्याच्या खाती काय जमा होणार?

गप्प झालात. गप्पच राहा. ऐका.

विषय आहे — चॉकलेट! हं, हसा. ‘बुवांना वयोमानाने काहीतरी झालं’ असं तिकडे कोणीतरी कुजबुजलं. अहो, मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि मग गळ्यात वीणा घेतली. नकाशा डोक्यातून जात नाही, त्याला काय करू? आणि आत्ताच उजव्या बाजूला कागद चुरचुरला, तो कसला होता? खा, खा. अजून काही सांगितलेलं नाही, तोवर खाऊन घ्या!

चॉकलेट ज्या बियांचं होतं, ते कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. काकडीएवढी जाड शेंग, ती फांदीला नाही, थेट खोडाला लागते — आपल्या फणसासारखी. आत पांढरा गर, गरात बिया. तिथले जुने लोक त्या बिया भाजून, वाटून, मिरची घालून फेसाळ पेय करत. कडू! राजाच्या पंगतीला आणि देवाच्या पूजेला ते लागायचं. मग समुद्रापलीकडून स्पेनचे लोक आले. तलवार घेऊन आले. राज्य बुडवलं, देव फोडले, आणि पेय मात्र घरी नेलं. कडू लागतं म्हणून त्यात साखर घातली. साखर कुठली? तीही गुलामांच्या हातची. मग युरोपातले सरदार, सरदारणी, पाद्री सगळे प्यायला लागले. आणि त्यांच्या धर्ममंडळींत मोठा वाद झाला बरं का — हे उपासाला चालतं की नाही चालत! अहो, खरं सांगतो. आपल्याकडे साबुदाण्याचा झाला तसाच! पण ते पिकवणारा जो उपाशी आहे, त्याचा उपास मोडतो की नाही, हा वाद झाल्याचं कुठे वाचलं नाही मी.

पुढे यंत्रं आली, पेयाची वडी झाली, वडीत दूध पडलं, आणि राजाची वस्तू पोरासोरांच्या हातात आली. चांगलं झालं. पण मागणी वाढली, मग झाडं वाढवायला हवीत. झाडं नेली आफ्रिकेच्या पश्चिमेला, समुद्रातल्या बेटांवर. बेटं पोर्तुगीजांची. ऊन, पाऊस, काळी माती, सगळं देवाने दिलेलं. फक्त माणसं नव्हती. आणि गुलाम ठेवायला तर कायद्याने बंदी झालेली! मग काय केलं? शब्द बदलला. ‘गुलाम’ खोडला आणि ‘कंत्राटी कामगार’ लिहिलं. पाच वर्षांचा करार. माणूस तोच, त्याच्या पायातला लाकडी खोडा तोच. शब्द तेवढा स्वच्छ!

अशाच एका बेटावर आपल्या गोव्यातला एक माणूस जाऊन पोचला. नरहर सावईकर त्याचं नाव. हे आख्यान आहे, मंडळी, माणसं मी उभी केलेली आहेत, ती दप्तरात शोधायला जाऊ नका. पण त्या बेटांवर जे चाललं होतं, ते मी उभं केलेलं नाही.

तर नरहर. शंभर-सव्वाशे वर्षांमागची गोष्ट. वय सव्वीस. फोंड्याकडचा. पणजीत एका ख्रिस्ती औषधवाल्याकडे आठ वर्षं राहून पुड्या बांधायला, काढे उकळायला, जखमा धुवायला शिकला. आपण कंपाउंडर म्हणतो, तसा. पोर्तुगीज चांगली लिहायचा. अक्षर असं की औषधवाला गिऱ्हाइकांना दाखवायचा. त्याला कळलं की आफ्रिकेतल्या एका बेटावर कोकोच्या मोठ्या बागेत इस्पितळ आहे, तिथे माणूस पाहिजे. पाच वर्षं राहायचं, मग परतीचं तिकीट त्यांचं. बायको होती आवडी, नुकतं लग्न झालेलं. तिने एवढंच विचारलं की पाच वर्षं म्हणजे किती पावसाळे. तो म्हणाला, पाचच. तिच्या वडिलांनी तिला अक्षरओळख करून दिली होती, ती म्हणाली, मग पत्र लिहा. तो गेला.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शेवटची बोट बदलली. त्या बोटीत चढताना नरहरने पहिल्यांदा ते पाहिलं. धक्क्यावर दोनशे माणसं बसवलेली. बायका, पुरुष, कडेवर पोरं. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा, आणि दोरीला एक पत्र्याची नळी. नळीत करार. एक सरकारी अधिकारी खुर्चीवर बसला होता. तो पोर्तुगीजमध्ये मोठ्याने म्हणाला, तुम्ही सगळे स्वखुशीने जाताय ना? दुभाष्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. कोणी हललं नाही. कोणी ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ म्हटलं नाही. अधिकाऱ्याने लिहिलं — सर्वांची संमती आहे.

नरहरच्या मनात आलं, आपल्याला काय करायचंय? आणि मंडळी, हा विचार दुष्ट माणसाच्या मनात येत नाही. तो चांगल्या माणसाच्याच मनात येतो! दुष्टाला त्याची गरजच नसते.

बेट मात्र दृष्ट लागावं असं. डोंगर, धुकं, ओढे, आणि मैलन् मैल कोकोची झाडं. खोडांना पिवळ्या-तांबड्या शेंगा लगडलेल्या. बायका कोयत्याने शेंगा फोडायच्या. बिया पेटाऱ्यांत आंबवायच्या, त्याचा आंबूस वास सगळ्या डोंगराला. मग उन्हात वाळवायच्या, पायांनी परतायच्या. नरहरचं इस्पितळ टेकडीवर. पांढऱ्या चुन्याचं, चाळीस खाटा. डॉक्टर शहरात राहायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा घोड्यावरून यायचा. मधल्या काळात कोण मेलं, कशाने मेलं, हे नरहरने मोठ्या पुस्तकात लिहून ठेवायचं, डॉक्टरने येऊन खाली सही करायची, आणि नरहरनेही करायची. पुस्तकात नाव लिहायला रकाना नव्हता. बिल्ल्याचा आकडा लिहायचा, आणि शेजारी कारण.

पहिल्या तीन महिन्यांत नरहरने खरं लिहिलं. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग एक दिवस एक म्हातारा आला, पाठ फुटलेली, आणि संध्याकाळी गेला. नरहरने लिहिलं, ‘मारहाणीच्या जखमा.’ दुसऱ्या दिवशी मॅनेजर आल्मेदा स्वतः टेकडी चढून आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नरहरला बसायला सांगितलं. म्हणाला की तुझं अक्षर फार सुंदर आहे, अशा अक्षरात असलं लिहिलेलं बरं दिसत नाही. म्हातारा अशक्तच होता, जखम झाली नसती तरी हिवतापाने गेलाच असता. मग हिवताप लिहिला तर त्यात खोटं काय? आणि जाता जाता म्हणाला, तुझे कागदपत्र माझ्या कपाटात अगदी सुरक्षित आहेत, काळजी करू नकोस.

नरहरने ते पान फाडलं. नवीन पान घेतलं. लिहिलं, ‘ताप.’

पहिल्या वेळी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या वेळी उशिरा जेवला. पाचव्या वेळी वेळेवर जेवला. सांगा, यातला कुठला दिवस वाईट? पहिला? छे. पाचवा!

इस्पितळात झाडलोट करायला, पाणी भरायला, रोग्यांना भरवायला एक बाई होती. कासिंदा. तिशीच्या आत-बाहेरची, बोलणं कमी. तिच्या लोकांत असं की जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं त्याचं नाव कासिंदा. तिच्या आधीचे जुळे भाऊ म्हणजे न्जांबा आणि होसी. तिघांना एकाच दिवशी गावातून उचललं. न्जांबा किनाऱ्याला पोचायच्या आतच वाटेत पडला, साखळीतून सोडवून तसाच टाकला. होसी बागेत शेंगा तोडायचा. ती इस्पितळात होती, कारण तिच्या हातून रोगी दोन घास जास्त खायचा. मोडकी पोर्तुगीज बोलायची, नरहरही सावकाश बोलायचा. हळूहळू दोघांना एकमेकांचं समजायला लागलं. ती विचारायची, तुमच्याकडे पाऊस कसा पडतो, तुमची बायको काय शिजवते. तो सांगायचा. दुपारी काम संपलं की तो पायरीवर बसून आवडीला पत्र लिहायचा. मोडीत. ती बघत राहायची आणि म्हणायची, ही अक्षरं पळताहेत.

तर होसीची पाच वर्षं भरली. करारात लिहिलेलं, पाच वर्षं. तो बिल्ला आणि नळी घेऊन मॅनेजरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मला घरी जायचंय. मॅनेजरने सांगितलं, तुझा करार गेल्याच महिन्यात पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवलाय. तू अंगठा दिलास. होसीने अंगठा दिला नव्हता. अंगठा कोणाचा तरी होता, आकडा होसीचा होता! बेटावर एकही माणूस करार संपवून परत गेलेला नव्हता, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो रानात पळाला. बेटावरून पळून जाणार कुठे? चारी बाजूंना समुद्र. अकराव्या दिवशी कुत्री लावून धरला. मग त्याला अंगणात आणलं. सगळ्यांना काम थांबवून रांगेत उभं केलं. पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक असतो. मी त्याचं वर्णन करणार नाही. कीर्तनकाराला वर्णनाची खाज असते, पण काही ठिकाणी जीभ आवरावी. टेकडीवरून नरहरला दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. त्याने खिडकी लावून घेतली.

होसीला झोळीत घालून वर आणला तेव्हा तो शुद्धीत होता. नरहरने जखमा धुतल्या, मलम लावलं, अफूचा अर्क दिला. त्याला जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं, त्यात कसूर नाही केली. कासिंदा उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. भावाच्या कानाशी काहीतरी हलक्या आवाजात सांगत होती. नरहरने विचारलं, काय सांगतेस? ती म्हणाली, घराची वाट सांगतेय. कुठला ओढा, कुठलं झाड, कुठे वळायचं. जीव एकटा जाणार, चुकू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी होसी गेला.

नरहरने पुस्तक उघडलं. आकडा लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ताप. हात एकदाही अडखळला नाही. वर पाहिलं, तर समोर कासिंदा उभी. हातात फडकं.

“काय लिहिलंत?” तिने विचारलं.

नरहर म्हणाला, “ताप.”

ती थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, “होसीला ताप नव्हता. मी तीन दिवस कपाळावर हात ठेवून होते.”

एवढंच. मग ती खाली वाकली आणि जमीन पुसायला लागली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मंडळी! नरहरला उलटून बोलता आलं असतं, ‘माझ्या हातात काय आहे’ म्हणता आलं असतं. ज्याने आरोपच केला नाही, त्याला उत्तर काय देणार?

चौथं वर्ष असंच सरलं. पाचवं अर्धं गेलं. सहा महिने उरले. आवडीची पत्रं यायची, ती दिवस मोजत होती.

आणि मग बेटावर एक पाहुणा आला. जिथे चॉकलेटचे कारखाने होते त्या थंड देशातला. त्या कारखानदारांच्या कानावर काहीबाही गेलं होतं. ती माणसं देवभोळी. रविवारी प्रार्थनेला बसायची आणि त्यांना घास गोड लागेना. म्हणून त्यांनी एक विश्वासू माणूस पाठवला, की जा, डोळ्यांनी बघ आणि सांग. मंडळी, त्या पाहुण्याची चेष्टा मी करणार नाही. तो खरोखर भला होता. उन्हात पायी फिरला, बराकी पाहिल्या, तापाने फणफणला, पुन्हा उठला. शेवटी इस्पितळात आला. मॅनेजर सोबत होताच. पाहुण्याने मोठं पुस्तक चाळलं. पान, पान, पान. ताप. ताप. जुलाब. ताप. मग त्याने मॅनेजरला दाराबाहेर थांबायची विनंती केली, दार ओढून घेतलं आणि नरहरला विचारलं.

“तुम्ही इथले नाही, त्यांचेही नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. या पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे का?”

खोलीत तिघं होती. पाहुणा, नरहर, आणि कोपऱ्यात पाण्याची बादली घेतलेली कासिंदा.

आता सांगा! तुमच्यापैकी कोण ‘नाही’ म्हणेल? हात वर करू नका, देवासमोर बसलाय. नरहरच्या डोळ्यांसमोर काय आलं? कपाटातले कागद. सहा महिने. पाच पावसाळे थांबलेली आवडी. दाराच्या फटीतून दिसणारे मॅनेजरचे बूट. ‘नाही’ म्हटलं तर पाहुणा बोटीने जाईल, आणि आपण इथेच. रोगी तर मेलेलेच आहेत. खरं सांगून एक तरी उठणार आहे का?

नरहर म्हणाला, “होय साहेब. खरं आहे.”

“ही सही तुमचीच?”

“माझीच.”

पाहुण्याने आकडे उतरवून घेतले. त्याला बरं वाटलेलं दिसलं. कोणाला बरं वाटणार नाही? त्याने आपल्या पत्त्याचं कार्ड दिलं. आणि पिशवीतून एक चॉकलेटची वडी काढून नरहरच्या हातावर ठेवली, चंदेरी कागदातली. म्हणाला, तुमच्याच बागेचं आहे हे. तुम्ही कधी खाल्लंही नसेल.

तो गेला. नरहर ती वडी धरून उभा होता. कासिंदाने विचारलं, काय आहे? तो म्हणाला, त्या बियांचं हेच करतात. तिने हात पुढे केला. त्याने तुकडा मोडून दिला. तिने तोंडात टाकला, सावकाश विरघळू दिला.

“गोड आहे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तुम्ही बायकोला लिहिता ती पळणारी अक्षरं. ती तरी खरी असतात का?”

नरहरने उरलेली वडी चंदेरी कागदात परत गुंडाळली. साडेचार वर्षं तो आवडीला काय लिहीत होता? ‘मी सुखरूप. हवा उत्तम. माणसं भली. काळजी नसावी.’ एका लिपीत मॅनेजरसाठी खोटं, दुसऱ्या लिपीत बायकोसाठी खोटं. खरं लिहायला त्याच्याकडे एकही अक्षर उरलेलं नव्हतं.

मग त्याने विचारलं, “तुला नावं आठवतात? गेले त्यांची?”

ती म्हणाली, “सगळ्यांची.”

दुसऱ्या दिवसापासून, मंडळी, दुपारी पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की ही दोघं औषधांच्या खोलीत बसायची. ती सांगायची, तो एका कोऱ्या वहीत मोडीत लिहायचा. बेटावर मोडी वाचणारं दुसरं कोण होतं? नाव. गाव. कोणाचा कोण. कसा गेला. पहिलं नाव न्जांबा, मग तो म्हातारा. होसी — चाबकाने. एक बाई, नऊ महिन्यांची पोटुशी — पेटारा उचलताना. एकाने स्वतःच झाडाला दोर बांधला. कासिंदा सांगताना थांबायची नाही. नरहरचा हात थांबायचा. ज्या हाताने साडेचार वर्षांत एकदाही कुरकूर केली नाही, तो आता दर चार ओळींनी अडखळायचा! एकशे सदतीस नावं झाली.

निघायचा दिवस जवळ आला. शेवटच्या दुपारी नरहर वही मिटायला लागला, तेव्हा ती म्हणाली, “माझंही लिहा.”

तो म्हणाला, “तू जिवंत आहेस.”

“मी इथून जाणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. नाव आत्ता लिहून ठेवा. कारण मागाहून भरा.”

त्याने लिहिलं. कासिंदा, न्जांबा आणि होसी यांच्या पाठची. कारणाची जागा कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी बोट निघाली तेव्हा ती धक्क्यावर आली नव्हती. यायची परवानगीच नव्हती.

नरहर घरी आला. आवडीने ओवाळलं. पण गावात कुजबूज सुरू झाली, हा समुद्र ओलांडून आलाय, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय पंगतीला बसवायचा नाही. त्या काळची रीत! गावचे उपाध्ये अनंतभट पंचगव्य घेऊन आले. म्हातारे, हाडाचे प्रेमळ. नरहर त्यांना म्हणाला की समुद्र ओलांडल्याचं हे घेतो, पण त्याहून मोठं एक आहे. आणि त्याने सगळं सांगितलं. मॅनेजर, पुस्तक, पाहुणा, सगळं. आवडी दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

अनंतभटांनी पंचगव्याचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “समुद्राचं प्रायश्चित्त पोथीत आहे. याचं मला कुठे सापडायचं नाही. एकच सुचतं. ज्याला खोटं सांगितलंस, त्याला खरं सांग.”

मग नरहर बसला. पूर्ण वही मोडीतून पोर्तुगीजमध्ये उतरवली. सुंदर अक्षर! वर पत्र लिहिलं, की मी तुमच्याशी खोटं बोललो, ते पुस्तक खोटं आहे, हे खरं. कार्डावरच्या पत्त्यावर पाकीट पाठवलं. आवडीने स्वतः लाख लावली.

दहा महिन्यांनी उत्तर आलं. कागद उत्तम, भाषा अतिशय सभ्य. पाहुण्याने लिहिलं होतं, तुमचं पत्र वाचून झोप उडाली. पण मी मालकांपुढे ठेवलं तेव्हा त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तोच तुम्हाला विचारतो. इस्पितळाच्या पुस्तकावर तुमची सही आहे. ते खरं असल्याचं तुम्ही मला तोंडी सांगितलंत. आता या यादीवरही तुमचीच सही आहे. बागेचे लोक म्हणतात, नोकरी संपल्यावर रागाने लिहिलंय. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या. आम्ही कोणत्या नरहर सावईकरांवर विश्वास ठेवावा?

झालं. वादी तोच, साक्षीदार तोच, आणि त्याला खोटा पाडणाराही तोच!

तुम्ही विचाराल, पुढे त्या बेटांचं काय झालं? पुढे दुसऱ्या कोणी कोणी आवाज उठवला, काही मोठ्या कारखानदारांनी तिथला कोको घेणं थांबवलं, हे इतिहासात आहे. पण थांबवायला कित्येक वर्षं गेली, आणि झाड समोरच्या किनाऱ्यावर चालत गेलं. आज जगातला बहुतेक कोको त्या बाजूलाच पिकतो, आणि शाळेच्या वयाची मुलं तिथे अजून कोयते चालवतात. हे आख्यान नव्हे, हे आजचं वर्तमान आहे.

नरहरने ते उत्तर घडी करून ठेवलं. कोणाला दोष दिला नाही. फोंड्याच्या बाजारात औषधाचं लहान दुकान टाकलं. मुलंबाळं झाली. हसायचा कमी. भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या आली तेव्हा तो अनंतभटांकडे गेला आणि म्हणाला, मला तर्पण करायचंय, माझ्या पितरांचं झालं, आता या वहीतल्यांचं. भटजी म्हणाले, अरे, पण यांचं गोत्र? नरहर म्हणाला, ते कोणी सांगितलं नाही. भटजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, “ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याला काश्यप म्हणावं. शास्त्र आहे. चल, मी येतो.”

ओढ्यात दोघं उभे राहिले. गाव काठावरून बघत होता. कोणी म्हणालं, परक्यांना पिंडपाणी, खुळा झालाय. नरहरने वही आवडीच्या हातात दिली होती. ती एकेक नाव वाचायची, तो तीळ-पाणी सोडायचा. न्जांबा. होसी. पोटुशी बाई, तिच्या नावासकट. एकशे सदतीस नावं, एकशे सदतीस ओंजळी. असं त्याने एकतीस वर्षं केलं. आणि दर वर्षी शेवटचं नाव यायचं, आवडी वाचायची, कासिंदा. आणि नरहरची भरलेली ओंजळ तशीच राहायची. सोडावी, तर ती जिवंत असेल! न सोडावी, तर ती तहानलेली असेल. कारणाची जागा कोरी होती, ती शेवटपर्यंत कोरीच राहिली. बोटांच्या फटीतून पाणी आपोआप निथळून जाईपर्यंत तो ओढ्यात उभा राहायचा.

मंडळी, मी तुम्हाला चॉकलेट सोडा म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल ‘हो बुवा’, आणि नातवाच्या वाढदिवसाला आणालच! आणा. फक्त विचारायला शिका, की हे कोणाच्या हातून आलं. पण माझं सांगणं निराळं आहे. आता मी नरहरला बाजूला ठेवतो आणि तुमच्याकडे वळतो. गेल्या वर्षभरात पंचनाम्यावर कोणी सही केली? सोसायटीच्या, शाळेच्या, पंचायतीच्या कागदावर? ‘रस्ता पूर्ण झाला’ म्हणून? ‘बाई जिन्यावरून पडली’ म्हणून? ‘मुलगा स्वतःहून शाळा सोडून गेला’ म्हणून? नावं घेत नाही. तुमचं तुम्हाला माहीत आहे. आणि मलाही माझं माहीत आहे, मीही तीस वर्षं हजेरीपट भरलेत!

खरं कधीही सांगता येतं, असं आपण समजतो. आज नको, निवृत्त झाल्यावर सांगू, पोरीचं लग्न झाल्यावर सांगू. नाही, बाबांनो! खरं सांगायची एक वेळ असते. दार लावून कोणी भला माणूस विचारतो, ती वेळ. ती गेली की तुमचीच सही उठून तुमच्यासमोर उभी राहते.

देवा पांडुरंगा, आम्हाला पुण्य नको, मोठेपण नको. कोणी विचारील त्या घटकेला, पहिल्याच वेळेला, ‘नाही, हे खरं नाही’ एवढं म्हणायची छाती दे. आणि ती देणार नसशील, तर निदान आमचं अक्षर तरी वाईट कर.

बोला, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!